बद्द आवाज

केशवरावांनी रुपयाचं नाणं दोन बोटांत धरलं आणि विमानाच्या डाव्या पंखावर हलकेच वाजवलं. टण्. थोडं पुढे सरकून पुन्हा वाजवलं. टण्. पंखाच्या वरच्या अंगावर काळ्या-निळ्या सौरपट्ट्या बसवलेल्या होत्या, त्यामुळे ते खाली वाकून पोटाकडून वाजवत होते. मान वर करून ऐकताना त्यांचा चष्मा कपाळाकडे सरकत होता.

नागपुरात मिहानच्या पलीकडे, धावपट्टीला लागून असलेल्या त्या भाड्याच्या शेडमध्ये सकाळपासून लगबग होती. विमानासमोर नारळ फोडून झाला होता. मुंबईहून आलेली मंडळी पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांवर बसली होती.

"हे आमचे सगदेव सर," विक्रम माईकवरून सांगत होता. "पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला शिकवायला होते. वर्गातलं एक टेबल सोडलं नाही यांनी, सगळं वाजवून पाहायचे. नीट चिकटलेलं असलं तर टण् वाजतं आणि आतून सुटलेलं असलं तर बद्द. मशीननं तपासणी झालीच आहे. पण मशीन चुकू शकते, सरांचा कान चुकत नाही. म्हणून म्हटलं, पहिल्या उड्डाणाआधी सरांचा हात लागू द्या."

लोक कौतुकानं हसले. केशवरावांचे कान लाल झाले. चारचौघांत आपलं नाव घेतलं गेलं की त्यांना आजही वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटे. पण आज ते कौतुकासाठी आले नव्हते.

सकाळी निघताना सुमतीबाईंनी दारातच अडवलं होतं.

"काहून चाललात त्याच्याकडं? चार वर्षांत कधी नाव घेऊ दिलं नाही घरात."

"बोलावलंय. पाहून येतो."

"पाहून यायले इस्त्रीचा सदरा लागते काय?"

त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर हुडकेश्वरहून इथवर ऑटोत बसून येताना ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. गेले आठ दिवस ते वाक्य त्यांनी न्हाणीघरात, नळ मोठा सोडून, म्हणून पाहिलं होतं. हा पंख उडण्यालायक नाही. एवढंच. पुढे काही नाही.

विमान दिसायला सुंदर होतं, हे त्यांना नाइलाजानं मान्य करावं लागलं. दोघांपुरतं, पांढरंशुभ्र, हातानं ढकललं तर सरकेल इतकं हलकं. पोटात बॅटऱ्या, पंखांवर ऊन पिणाऱ्या पट्ट्या. पेट्रोलचा थेंब लागत नाही, आवाज पंख्याएवढा. ही कल्पना दोघांची होती, त्यांच्या मुलाची, ऋषीची, आणि विक्रमची. दोघं केशवरावांच्या वर्गात एका बाकावर बसत. पुढे दोघांनी मिळून हे शेड घेतलं. पहिलं विमान उभं केलं, आणि ते उडताना डाव्या पंखाचं कातडं, वरून चिकटवलेलं आवरण, सोललं गेलं. विमान धावपट्टीच्या टोकाला शेतात पडलं. वैमानिकाचा खांदा मोडला, जीव वाचला. त्या संध्याकाळी विक्रमनं पत्रकारांसमोर, कामगारांसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं की चिकटवणीचं काम ऋषीकडे होतं आणि ऋषीनं हलगर्जीपणा केला.

ऋषी काही बोलला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. आपला मुलगा इतका भिडस्त निघाला ते आपल्यामुळेच, असं केशवरावांना वाटे आणि मग विक्रमचा आणखी राग येई. आता ऋषी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात एका ठेकेदाराकडे होता. कोळशाचा पट्टा चालू आहे की नाही ते पाहायचं. पहाटे मोटरसायकलवर जायचा, संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या काळ्या असत. उन्हावर विमान उडवायला निघालेला माणूस.

केशवरावांनी आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता. पण या चार वर्षांत विक्रमला त्यांनी मनातल्या मनात पुष्कळ वेळा मारलं होतं. पुस्तक वाचता वाचता पान तसंच राहायचं आणि ते विक्रमला एखाद्या भरलेल्या सभेत उभं करायचे. सभा त्याला हसायची. कधी त्याच्या विमानाला आग लावायचे, पण आत कोणी नाही ना हे आधी पाहून घ्यायचे. असल्या विचारांची त्यांना लाज वाटे. तरी ते विचार करून झाले की त्यांना गाढ झोप लागे.

मग हे निमंत्रण आलं. विक्रम स्वतः फोनवर बोलला. 'सर, तुम्ही आलात तर मले बरं वाटन.' त्याला बरं का वाटेल ते केशवरावांनी लगेच ओळखलं. ऋषीचा बाप येऊन विमानावर हात ठेवून गेला की लोकांची तोंडं बंद होणार होती. विक्रमला त्यांचा कान हवा होता. ठीक आहे, त्यांनी ठरवलं, कानच देऊ.

खोटं बोलल्यानं कोणी मरणार नव्हतं. उड्डाण थांबलं असतं, इतकंच. मुंबईची मंडळी संध्याकाळच्या विमानानं परत गेली असती आणि पुन्हा आली नसती. पहिल्या विमानाचा पंख सोललेला होता, आता दुसऱ्याचाही पंख सुटलेला म्हटल्यावर कोण विचारणार होतं? विक्रम संपला असता, त्याच शेडमध्ये, तशाच माणसांसमोर.

पंखाच्या मध्यावर येऊन त्यांनी नाणं वाजवलं. टण्, अगदी स्वच्छ. त्यांनी भुवया आकसल्या, पुन्हा वाजवलं, कान जवळ नेला. मग खिशातून पेन्सिल काढून तिथं एक वर्तुळ काढलं. वर्तुळ वाकडं आलं.

"हा पंख उडण्यालायक नाही," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की शेजारी उभ्या असलेल्या विक्रमलाही कळलं नाही.

"काय म्हटलं सर?" त्यानं हसत माईक पुढे केला.

आता ते वाक्य त्यांना माईकमध्ये म्हणावं लागलं. शेडच्या पत्र्यावरून ते घुमून परत आलं तेव्हा त्यांना तो दुसऱ्याच कोणाचा आवाज वाटला.

खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. विक्रमचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्यातून जीव गेला. केशवरावांनी ते नीट पाहून घेतलं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि त्यांना कुठेही दुसरीकडे बघायचं नव्हतं. विक्रमनं माईक बंद केला आणि पाहुण्यांना मांडवात तर्री-पोहे खायला पाठवलं. मग तो सरांचं कोपर धरून त्यांना शेपटीकडे घेऊन गेला.

"सर, खरं सांगा. ऋषीचा राग काढून राहिले न तुम्ही?"

"नाणं वाजवून पाहा."

"मशीननं पाहिला आहे सर डावा पंख. पूर्ण पाहिला आहे."

"मग उडव," केशवराव म्हणाले. "मी कोण अडवणारा? पाहुण्यांना सांग, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही."

विक्रमनं मांडवाकडे पाहिलं. हे सांगता येणार नव्हतं. ज्या कानाची त्यानं स्तुती केली होती तोच त्याच्या गळ्यात अडकला होता. केशवरावांना छातीत ऊब पसरल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेली एखादी गोष्ट पहिल्यांदाच स्वतःच्या हातून घडावी तसं.

"मला द्या ते नाणं."

मुग्धा होती, वैमानिक. तिशीतली, केस घट्ट बांधलेले. आज आत तीच बसणार होती. केशवरावांनी तिचा विचार आतापर्यंत केलाच नव्हता.

"तुला नाही कळणार त्यातलं," विक्रम म्हणाला.

"मातीचा माठ घेताना वाजवून घेते ना मी. तेवढं कळतं. आणि वर जायचं आहे ते मला, तुम्हाला नाही."

तिनं वर्तुळात नाणं वाजवलं. टण्. बाजूला वाजवलं. टण्. पुन्हा वर्तुळात. तिनं केशवरावांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. आता ती बोलेल, त्यांच्या मनात आलं, आणि मग मी सदऱ्याची इस्त्री सांभाळत ऑटो शोधायला जाईन. पण ती पुढे सरकली. नाणं वाजवत पंखाच्या टोकापर्यंत गेली, मग वळसा घालून उजव्या पंखाकडे. टण्, टण्, टण्. कंटाळा न येता, एकेक वीत. उजव्या पंखाला केशवरावांनी हातही लावला नव्हता. त्यांना हवं ते डावीकडेच मिळालं होतं.

उजव्या पंखाच्या मुळाशी, जिथं तो धडाला जोडलेला होता, तिथं आवाज थांबला. मग पुन्हा आला. बद्द.

तिनं पुन्हा वाजवलं. बद्द.

"सर," ती म्हणाली. "इकडे या."

केशवराव गेले. त्यांनी स्वतः वाजवून पाहिलं. तळहाताएवढ्या नव्हे, चांगल्या परातीएवढ्या जागेत आवाज मेलेला होता. त्यांचं खोटं नसतं तर ही पोरगी थोड्याच वेळात या पंखाच्या भरवशावर वर गेली असती, आणि ते खाली उभे राहून तिला हात हलवत असते.

"इथली मशीननं तपासणी झाली होती?"

विक्रमचा चेहरा पांढरा पडला होता. "त्याच्यानंतर केलं हे काम. ट्रकवरून उतरवताना दणका बसला होता मुळाशी. तेवढंच कातडं काढून पुन्हा चिकटवलं. मशीन तवा पुण्याले परत गेली होती."

तो चाकू घेऊन आला. कडेला चीर दिली आणि नखानं उचललं तर कातडं सहज वर आलं, उकडलेल्या बटाट्याचं साल यावं तसं. केशवरावांनी आत बोट फिरवलं. बोटाला मेणासारखं चिकट काही लागलं.

मुग्धा त्यांच्या अगदी जवळ वाकली. हळू आवाजात म्हणाली, "डावीकडे काहीच नव्हतं ना सर?"

"नाही."

"मग?"

तिनं त्यांच्या तळहातावर नाणं ठेवलं आणि सरळ उभी राहिली. विक्रमला ती काही सांगणार नव्हती. ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

केशवरावांनी बोटावरचं मेण अंगठ्यानं चोळलं. हे त्यांना ओळखीचं होतं, पुस्तकातून. चिकटवणीचा पहिला थर दमट हवेत वाळला की त्याच्यावर असा मेणचट पापुद्रा येतो आणि पुढचा थर त्याला धरत नाही. ते दर वर्षी वर्गात हे एक वाक्य सांगत आणि दर वर्षी एकही पोरगं ते लिहून घेत नसे. नागपुरात कोणाला दमट हवेची भीती? उन्हाळ्यात इथं ओला टॉवेल बघता बघता कडक होतो.

"कधी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"एप्रिलमधे."

"आणि पहिल्या विमानाचा पंख? जो सुटला तो?"

"तो मे महिन्यात. इथंच, याच जागेवर." विक्रम बोलता बोलता थांबला. सरांच्या बोटाकडे पाहत राहिला. तोही त्याच वर्गात बसलेला होता. "सर, म्हणजे ऋषीची काही..."

केशवराव ताठ झाले. इतकं त्यांनी स्वप्नातही मागितलं नव्हतं. खोटं सांगायला आले होते आणि खरं हाताशी आलं होतं. ऋषीचा हलगर्जीपणा नव्हताच. तो पंख जागेनं खाल्ला होता, हवेनं खाल्ला होता, आणि या माणसानं चार वर्षं त्यांच्या मुलाच्या कपाळी ते मारलं होतं. आता त्याच मांडवात, पोहे खाणाऱ्या त्याच माणसांसमोर हे विक्रमच्या तोंडून वदवून घ्यायचं. माईक द्यायचा हातात. आवाज बारीक निघाला तर पुन्हा म्हणायला लावायचं.

"ओल कुठून आली इथं?" त्यांनी विचारलं. आवाज चांगला खणखणीत निघाला. "या उन्हाळ्यात? कोणी आणली?"

विक्रमनं मान वळवली. मुग्धानंही वळवली. पंखाच्या समोरच, हातभर अंतरावर, लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर घरघरत होता. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास शेडभर पसरला होता. थंड, ओली हवा थेट पंखाच्या मुळावर येत होती. सकाळपासून केशवरावांना ती अंगावर छान लागत होती.

"बाहेर चव्वेचाळीस होतं सर," विक्रम पुटपुटला. "पोरं उभी राहत नव्हती. उन्हाळ्यात काम असलं की कूलर लावूनच करतो आम्ही. पहिल्यापासून." आणि मग, कारण ते खरं होतं आणि त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही, "तुमचाच आहे न सर हा. पहिल्या उन्हाळ्यात तुम्हीच बनवून धाडला होता."

केशवरावांनी कूलरकडे पाहिलं. रंग बदलला होता, म्हणून ओळखला नव्हता. आता ओळखू आला. लोहाराकडे स्वतः उभे राहून त्यांनी तो करून घेतला होता, नेहमीपेक्षा मोठा, कारण शेड मोठं होतं. हातगाडीबरोबर उन्हातून चालत आले होते. आणि ऋषीला दम देऊन गेले होते, काम करताना कूलर बंद ठेवायचा नाही, ऊन लागलं तर बघ. बापाचं ऐकणारा मुलगा होता तो.

त्यांनी जवळचं स्टूल ओढलं आणि बसले.

"ऋषी जाताना एकच गोष्ट बोलला होता," विक्रम म्हणाला. "उन्हाळ्यात चिकटवणी नको करजो म्हणे. काहून ते नाही सांगितलं. मले वाटलं, गर्मीनं लवकर घट्ट होते म्हणून म्हणत असन. हे सगळं विमान आम्ही हिवाळ्यातच केलं, हा एवढा तुकडा सोडून." त्यानं घाम पुसला. "त्याले माहीत होतं सर."

त्यानं खिशातून फोन काढला. केशवरावांनी अडवलं नाही. चार वर्षांत न लावलेला नंबर त्याच्याकडे अजून होता. त्याची बोटं त्या मेणानं चिकट झाली होती, म्हणून त्यानं फोन पंखावर ठेवला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून कोळशाच्या पट्ट्याची धडधड आली.

"बोल," ऋषी म्हणाला.

"उजवा पंख सुटला गा. खालीच, जमिनीवर. कोणाले काही झालं नाही." विक्रम फोनवर आणखी वाकला. "कूलरच्या ओलीनं सुटला. तुझा पण तसाच सुटला होता न?"

पट्टा धडधडत राहिला.

"तुले माहीत होतं. काहून नाही बोलला बे? मी तुले काय काय म्हटलं सगळ्याईसमोर."

"झालं न आता ते." आणि मग, "बाबा आले आहेत म्हणे तिथं. आई सांगत होती. जवळ आहेत काय?"

विक्रमनं केशवरावांकडे पाहिलं. केशवरावांनी मान हलवली. नाही.

"गेले," विक्रम म्हणाला.

"मग ऐक. कूलरचं त्याईले नको सांगजो. दुसरं काही सांग, माझ्याच हातून चुकलं होतं असं सांग. ते तुले शिव्या देतात, तर देऊ दे. तेवढं सोस तू. नाही तर ते स्वतःलेच खात बसतील, पुस्तकपण उघडणार नाही मग."

विक्रम पुन्हा सरांकडे पाहू लागला. केशवरावांनी हातानं खूण केली. हो म्हण.

"बरं," विक्रम म्हणाला. "नाही सांगत."

संध्याकाळी ऋषी घरी आला, अंघोळ करून जेवायला बसला. सुमतीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यानं पहिला घास घेतला नाही. वडिलांकडे न पाहता विचारलं, "कसं झालं मग तिकडं?"

केशवरावांनी वरणात पोळी कुस्करली. मुलगा ऐकण्यासाठी थांबला आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी घसा साफ केला.

"काय व्हायचं? नालायक माणूस आहे तो," ते म्हणाले. आवाज हवा तसा चढला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "उडालंच नाही त्याचं विमान. नाही उडायचं. दुसऱ्याच्या पोराला बुडवून कोणाचं भलं झालं आहे? माझ्या समोर पुन्हा नाव नको त्याचं."

ते बोलत राहिले. शब्द आठवून आठवून, पूर्वी जसे सहज येत तसे आणत. ऋषीचे खांदे हळूहळू खाली आले. त्यानं ताट जवळ ओढलं.

"आई," तो म्हणाला, "थोडी भाजी वाढ न."